भोवळ, सूक्ष्म खनिजे आणि आपली जबाबदारी
(वार्षिक सभेत केलेले भाषण)



भोवळीची तक्रार घेऊन बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्यांचे नातेवाईक हल्ली एक प्रश्न आवर्जून विचारतात : रक्तातील खनिजे तपासून घ्यावीत का, जस्ताच्या किंवा सेलेनियमच्या गोळ्या सुरू कराव्यात का? काही दानशूर मंडळींनी अशा तपासणीचे यंत्र देण्याची तयारीही दर्शविली आहे. या सद्भावनेबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर आपल्यासमोर सविस्तर मांडणे आम्हांस उचित वाटते.

शरीराचा तोल राखण्यात अंतर्कर्णाचा मोठा वाटा असतो. तेथील संवेदी पेशी अहोरात्र कार्यरत असतात. ऊर्जानिर्मितीच्या ओघात ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू निर्माण होतात. ते वेळीच निष्प्रभ झाले नाहीत तर पेशींना इजा होते. यालाच ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. निसर्गाने त्यावर उपायही योजिला आहे. मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ साली सुपरऑक्साइड डिसम्यूटेज या विकराचे कार्य दाखवून दिले. त्याच्या एका प्रकारास तांबे व जस्त लागते, तर मायटोकॉन्ड्रियातील प्रकारास मँगनीज. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या दुसऱ्या विकरास सेलेनियम आवश्यक असते.

यावरून खनिजे घेतली की भोवळ थांबेल, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. काही छोट्या अभ्यासांत भोवळीच्या रुग्णांच्या रक्तात अशा ताणाच्या खुणा आढळल्याही आहेत. तथापि हा ताण आजाराचे कारण आहे की परिणाम, हे त्यांवरून ठरत नाही. खनिजांच्या गोळ्यांनी भोवळ बरी होते, असे सिद्ध झालेले नाही.

भोवळीचे सर्वांत सामान्य कारण निराळेच आहे. अंतर्कर्णातील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात. मग कूस बदलताना किंवा मान वर करताना क्षणभर घर गरगर फिरू लागते. हे स्फटिक कोणत्याही गोळीने जागेवर परतत नाहीत. डॉ. जॉन एप्ली यांच्या पद्धतीने डोके व शरीर ठरावीक क्रमाने वळविल्यास बहुसंख्य रुग्णांना काही मिनिटांच्या उपचाराने आराम पडतो. त्यासाठी लागतो तो एक साधा तपासणी-पलंग आणि प्रशिक्षित हात.

पोषणाचा येथे संबंधच नाही, असे मात्र नव्हे. दक्षिण कोरियात ९५७ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. तीत ड जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्यांना वर्षभर ते व कॅल्शियम दिल्यावर, पूरक न दिलेल्या गटाच्या तुलनेत ही भोवळ उलटण्याचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे उपयोग झाला तो उणीव शोधून ती भरून काढल्याचा.

अतिरेकाची किंमतही ध्यानी घ्यावी. दीर्घकाळ अधिक जस्त घेतल्यास शरीरातील तांबे घटते. त्यातून रक्तक्षय होतो, मज्जारज्जूला इजा पोहोचते आणि चाल डळमळीत होते. तोल सावरण्यासाठी घेतलेली गोळीच तोल घालवू शकते! सेलेनियम अधिक झाल्यास केस गळतात, नखे ठिसूळ होतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात शेगाव परिसरातील काही गावांत २०२४ च्या अखेरीस केसगळतीची साथ आली, तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांत सेलेनियम वाढलेले आढळल्याचे वृत्त सर्वत्र गाजले होते.

म्हणून रुग्णांच्या आप्तांना आमचे सांगणे असे : ज्वारी-बाजरी, डाळी, कडधान्ये, तीळ, शेंगदाणे, आणि चालत असल्यास अंडी व मासळी, असा चौरस आहार ठेवावा. गोळ्या वैद्यकीय सल्ल्यानेच घ्याव्यात. भोवळीसोबत बोलणे अडखळणे, एकाऐवजी दोन दिसणे, हातापायांतील शक्ती जाणे किंवा उभेही न राहता येणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता तात्काळ रुग्णालय गाठावे. तो पक्षाघात असू शकतो.

आणि देणगीदारांस नम्र विनंती अशी की, खनिज-तपासणीच्या यंत्राआधी आपले द्रव्य परिचारिका व भौतिकोपचार-तज्ज्ञांच्या प्रशिक्षणासाठी लाभावे. म्हातारपणी भोवळ येऊन पडल्याने मांडीचे हाड मोडते आणि चालते-बोलते माणूस अंथरुणाला खिळते. ते पडणे टळले, तर आपल्या दानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.