पापणीची शस्त्रक्रिया : काय अपेक्षा ठेवावी, काय ठेवू नये
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



शाळेच्या व्यासपीठावर डोळ्यांच्या डॉक्टरला बोलावले की त्याने चष्म्याविषयी आणि गाजराविषयी बोलावे अशी अपेक्षा असते. मी मात्र आज पापणीविषयी बोलणार आहे. आपल्याकडे हा विषय निघतो तो लग्नाच्या बोलण्यात. खरे पाहता तो बालवाडीच्या वयातच निघायला हवा.

काही मुलांची वरची पापणी जन्मतःच खाली उतरलेली असते. बहुधा एकाच डोळ्याची, कधी दोन्ही डोळ्यांची. डॉक्टर याला टोसिस म्हणतात. वर्गात त्या मुलाला 'झोपाळू' हे नाव पडते. तो बिचारा हनुवटी वर करून, भुवया ताणून फळ्याकडे पाहतो, तर शिक्षकांना तो उद्धटपणा वाटतो. घरात म्हणतात, 'मोठा झाला की आपोआप सुटेल.' आणि मुलगी असली तर ठरून जाते, 'लग्नाच्या आधी ऑपरेशन करून टाकू.' या दोन वाक्यांपायी कित्येक मुलांचा एक डोळा कायमचा कमजोर राहतो.

असे का होते ते समजून घ्या. डोळा पाहतो असे आपण म्हणतो, पण पाहायला शिकतो तो मेंदू, आणि त्याचे हे शिक्षण साधारण सात-आठ वर्षांच्या वयापर्यंतच होते. पापणीने बाहुली झाकली गेली, किंवा पापणीमुळे बुबुळाचा गोलावा बदलून सिलिंडरचा नंबर आला, तर त्या डोळ्याचे चित्र मेंदूला स्पष्ट मिळत नाही. मग मेंदू ते चित्र वापरणेच सोडून देतो. याला आळशी डोळा म्हणतात. अठराव्या वर्षी पापणी कितीही सुरेख उचलली, तरी चेहरा सुधारेल. नजर बहुधा परत येणार नाही. म्हणून बाहुली झाकली जात असेल तर तान्ह्या वयातही शस्त्रक्रिया करावी लागते. दोष सौम्य असेल आणि नजर नीट वाढत असेल, तर तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान करतात, कारण तोवर मूल मोजमाप करू देते. थांबायला सांगितले याचा अर्थ तपासणी सोडून द्यावी असा मात्र नाही.

आता मोजमाप कसले? पापणी उचलणारा लेव्हेटर नावाचा एक स्नायू असतो. जन्मजात दोषात तो नीट घडलेला नसतो, त्यात स्नायूऐवजी चिवट तंतू आणि चरबी असते. डॉक्टर भुवई अंगठ्याने दाबून धरतात, मुलाला आधी खाली व मग वर पाहायला लावतात आणि पापणी किती मिलिमीटर हलली ते पट्टीने पाहतात. स्नायूत बऱ्यापैकी जोर असेल तर तो आखूड करून बसवतात. हालचाल चार मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर पापणी कपाळाच्या स्नायूला टांगतात. टांगण्यासाठी मांडीतील चिवट पडद्याची पट्टी किंवा सिलिकॉनची दोरी वापरतात. पुढे मूल भुवई उचलून पापणी उघडायला शिकते. लहान मुलांना यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते.

पालकांनी काही गोष्टी आधीच मनाशी धरून ठेवाव्यात. दोन्ही डोळे हुबेहूब सारखे होतीलच असे नाही. काही मुलांना पुन्हा शस्त्रक्रिया लागते. झोपेत तो डोळा थोडा उघडा राहतो. पहिल्या रात्री हे पाहून आईचा जीव घाबरा होतो, पण ते अपेक्षितच आहे. मलम आणि थेंब मात्र सांगितले तितके दिवस न चुकता घालावेत, नाहीतर बुबुळ कोरडे पडून जखम होते. आणि आळशी डोळा असेल तर शस्त्रक्रियेने काम संपत नाही. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी हे उपचार महिनोन्महिने चालतात. खरी कसोटी तिथेच लागते, कारण मूल पट्टी काढून फेकते.

वयस्कर मंडळींचे वेगळे. पन्नाशी-साठीनंतर कातडी सैल होऊन पापणीच्या कडेवर लोंबते आणि वरची व बाजूची नजर झाकते. ती काढण्याच्या शस्त्रक्रियेला ब्लेफरोप्लास्टी म्हणतात. १८१८ साली जर्मनीच्या फॉन ग्रेफे यांनी पापणी नव्याने घडवण्याच्या कामाला हे नाव दिले; पापणीवरील शस्त्रक्रियांची वर्णने मात्र दहाव्या शतकातील कुर्तुब्याच्या अल-जहरावींच्या 'अत्-तस्रीफ' ग्रंथातही आहेत. आजीच्या पिढीत खुपरीमुळे पापणी आत वळून केस बुबुळाला टोचत. त्यावरही शस्त्रक्रिया हाच उपाय. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपरी भारतातून हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली जाहीर केले, पण जुन्या रुग्णांचे केस टोचायचे थांबलेले नाहीत.

केवळ रूपासाठी शस्त्रक्रिया करणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. एवढेच सांगतो की डोळ्याखालची पिशवी कमी होते, काळे वर्तुळ त्याने जात नाही, आणि भुवईच खाली उतरली असेल तर नुसती पापणी कापून उपयोग नाही. कातडी जास्त कापली गेली तर डोळा मिटत नाही, आणि मिटता न येणारा डोळा सुंदर दिसला तरी काय कामाचा? वैद्यकीय विमा रूपासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च देत नाही. नजर झाकली जात असेल तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र, दृष्टिक्षेत्राची तपासणी आणि फोटो आधीच तयार ठेवा.

मोठ्यांची ही शस्त्रक्रिया बहुधा जागा बधिर करून होते आणि त्याच दिवशी घरी जाता येते. सूज आणि काळेनिळेपणा एक-दोन आठवडे राहतो, टाके सुमारे आठवड्याने निघतात, अंतिम आकार दिसायला काही महिने लागतात. पहिले दोन दिवस थंड शेक द्यावा, उशी उंच घ्यावी, ओझे उचलू नये. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, डोळ्यांचा कोरडेपणा, यांतले काहीही लपवू नये. गोळी मनाने बंदही करू नये. जखम भरेपर्यंत काजळ-सुरमा नको. तान्ह्या बाळाला तर सुरमा कधीच घालू नका, कारण पुष्कळशा सुरम्यात शिसे असते.

शस्त्रक्रियेनंतर तीव्र वेदना, डोळा बाहेर आल्यासारखा ताण किंवा अंधुक दिसणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आत रक्तस्राव झाला असेल तर नजर वाचवायला वेळ फार थोडा असतो. हे क्वचित घडते, पण ठाऊक असावे.

आणि पापणी जन्मापासून नव्हे, अचानक उतरली असेल, सोबत दोन-दोन दिसत असेल, डोके दुखत असेल, किंवा एक बाहुली मोठी झाली असेल, तर तो पापणीचा आजार नव्हेच. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. सकाळी ठीक आणि संध्याकाळी उतरलेली पापणी असेल तर स्नायूंच्या थकव्याच्या आजाराची तपासणी आधी करावी, चाकूचे नंतर पाहावे. दोष जुना की नवा हे ठरवायला घरातील जुने फोटो फार उपयोगी पडतात. तपासणीला येताना मुलाचा पहिल्या वर्षातला एखादा समोरून काढलेला फोटो बरोबर आणावा.