संसाराचे मोल

२०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा अनेक घरांच्या भिंती उभ्या राहिल्या. चिखलात गेला तो आतला संसार. तरीही विम्याची गोष्ट निघाली की आपण इमारतीचेच मोल करीत बसतो.

सामानाचा विमा किती रकमेचा असावा? वहीत खोलीवार यादी करावी आणि प्रत्येक वस्तूपुढे तशीच नवी घेण्यास आज पडणारी किंमत लिहावी. वीस वर्षांपूर्वी मोजलेली नव्हे. भांडी, अंथरुणे, कपडे यांची बेरीज पाहून मी स्वतः चकित झालो. (पुस्तकांची रद्दीच्या भावाने नोंद करावी, अशी सूचना घरातून आली, ती मी फेटाळली.)

१ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक झाले. तीत इमारतीसोबत सामानालाही तिच्या विमारकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. इमारतीचा विमा १५ लाखांचा असेल, तर सामानाला ३ लाख. यादीची बेरीज ५ लाख आली, तर सामानाचा तपशील देऊन वाढीव रक्कम आपणच मागावी लागते. दागिन्यांसाठी निराळे ऐच्छिक कलम आहे; रोकड धरलीच जात नाही.

ज्याचे स्वतःचे घर नाही, त्याची तर सारी मिळकतच बहुधा या सामानात असते. घरमालकाच्या विम्यात भाडेकरूची गादीसुद्धा धरलेली नसते. केवळ सामानाचा विमा त्याला घेता येतो. मात्र तेथे आपोआप मिळणारे २० टक्के नाहीत, आकडा त्यानेच सांगायचा असतो.