प्रवेशाची शक्यता कोण ठरवितो?

(न्हावा शेवा परिसरातील विद्यार्थी, पालक व कार्यकर्ते यांच्यासमोर केलेले भाषण)



आजचा विषय तुम्हीच मला दिलेला आहे. इतके पर्सेंटाइल पडले तर कोणते कॉलेज मिळेल, हा प्रश्न सीईटीचा निकाल लागला की आपल्या प्रत्येक गावातून ऐकू येतो. कोणी त्याचे उत्तर मोबाइलवर शोधून आणतो. कोणी पनवेलला वा वाशीला जाऊन, काही हजार रुपये मोजून, सल्लागाराकडून छापील यादी घेऊन येतो. त्या यादीत तीन रकाने असतात : मिळेल, कदाचित मिळेल, मिळणार नाही. मला आज मुख्यतः त्या तिसऱ्या रकान्याविषयी बोलावयाचे आहे.

परंतु इतरांना बोल लावण्यापूर्वी मी माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. २०२४ सालची गोष्ट आहे. बंदरासाठी उठविलेल्या एका कोळीवाड्यातील मुलगी अभियांत्रिकीचा फॉर्म भरण्यासाठी माझ्याकडे आली होती. वडील कंटेनर यार्डात रोजंदारीवर. मुलीला ९३च्या आसपास पर्सेंटाइल. तिने स्वतःच्या अक्षरात पसंतीची यादी करून आणली होती व तिच्या अग्रभागी मुंबईतील तीन कॉलेजे लिहिली होती. मी मागील वर्षाचे कटऑफ समोर ठेवले आणि तिला म्हटले, “अगं पोरी, ही तीन नावे कशाला लिहितेस? ती मिळायची नाहीत. उगाच फॉर्म बिघडेल.” तिने निमूटपणे ती नावे खोडली. पुढे शेवटच्या फेरीची यादी लागली तेव्हा त्या तिघांपैकी एका कॉलेजात तिच्यापेक्षा मागचा गुणानुक्रम असलेल्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळालेला मी पाहिला. त्याने ते नाव लिहिले होते, एवढाच त्या दोघांमधला फरक. मुलगी आज दुसरीकडे शिकत आहे, चांगली शिकत आहे. ती मला एकदाच म्हणाली, “सर, तुम्हीच खोडायला सांगितलं होतं.” त्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य मला अजून टोचते.

माझे चुकले कोठे, हे नीट समजून घेऊ. कटऑफ ही कोणी अगोदर आखलेली रेघ आहे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तशी रेघ कोणीच आखीत नाही. मोऱ्याच्या धक्क्यावर भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचसाठी रांग लागते, तेव्हा लाँच भरली की फळी काढून घेतात. फळी काढण्यापूर्वी जो शेवटचा उतारू आत गेला, त्याचा रांगेतील नंबर म्हणजे कटऑफ. काल एकशेविसावा माणूस आत गेला म्हणून आजही एकशेविसावाच जाईल, असे कोणी मोरेकर म्हणणार नाही. आज लाँच मोठी असेल, आज सणामुळे गर्दी असेल, पुढचे दहाजण मध्येच गाडीने जाण्याचे ठरवून रांग सोडतील. कटऑफ हा प्रवेश आटोपल्यावर हाती येणारा आकडा आहे. त्याला विद्यार्थ्याच्या लायकीचा दाखला समजणे हीच मूळ चूक होय.

आणि २०२४मध्ये लाँच खरोखरच मोठी झाली होती. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने त्या वर्षापासून चांगल्या स्थितीतील संस्थांना एखाद्या शाखेत जागा वाढविण्यावर असलेली कमाल मर्यादा काढून टाकली आणि संगणक शाखेच्या जागा अनेक कॉलेजांत वाढल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत मराठा समाजासाठी १० टक्के राखीव जागांचा कायदा झाला, त्यामुळे प्रवर्गांतील वाटणीही बदलली. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या इतर मागासवर्गीय व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ करण्याचा शासननिर्णय जुलै २०२४मध्ये निघाला. इतके सारे एका वर्षात बदलले असता मी २०२३चा कागद हाती घेऊन भविष्य सांगत बसलो होतो!

आता पर्सेंटाइलविषयी. ९३ पर्सेंटाइल म्हणजे शंभरात ९३ गुण नव्हेत. शंभरांपैकी ९३ परीक्षार्थी तुमच्या बरोबरीने वा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. भौतिक, रसायन, गणित या गटाला तीन लाख मुले बसली असे हिशेबापुरते धरले, तर ९३ पर्सेंटाइलच्या मुलापुढे सुमारे २१ हजार मुले उभी असतात. ९८ वाल्यापुढे ६ हजार. बसणाऱ्यांची संख्या वाढली की तेच पर्सेंटाइल तुम्हाला रांगेत मागे नेते. म्हणून दोन वर्षांची तुलना करावयाची तर राज्य गुणवत्ता यादीतील क्रमांकाने करावी आणि त्या वर्षी जागा किती होत्या हे शेजारी लिहावे. नुसत्या पर्सेंटाइलने केलेला अंदाज लंगडा असतो.

दुसरी चूक याहून मोठी होती. “फॉर्म बिघडेल” असे मी म्हणालो. फॉर्म बिघडत नाही. केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत संगणक गुणानुक्रमाने एकेका विद्यार्थ्याकडे येतो. तुमची पाळी आली की तुमचा पहिला पर्याय पाहतो. तेथे तुमच्या वाट्याची जागा उरली असेल तर देतो, नसेल तर दुसरा पाहतो, मग तिसरा. पहिले नाव मिळाले नाही म्हणून दुसऱ्या नावावरील तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. तुमचा रांगेतील नंबर तोच राहतो. मोठे नाव वर लिहिण्याची किंमत शून्य आहे आणि न लिहिण्याची किंमत कधी कधी चार वर्षांची आहे. यादी लवकर संपविण्याचीही अशीच किंमत असते, म्हणून वरची नावे जितक्या निर्भयपणे लिहावयाची तितकीच खालची, खात्रीची नावेही आळस न करता लिहावी.

मात्र एक काळजी घ्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो स्वीकारावाच लागतो; पुढील फेऱ्यांची वाट मग बंद होते. तेव्हा जेथे खरोखर जावयाचे आहे तेच पहिले लिहा. केवळ नावलौकिकासाठी अशी शाखा वर लिहू नका, जिच्यात तुम्हाला रस नाही; आणि वसतिगृहाचा व रोजच्या प्रवासाचा खर्च घरी बसून आधी मोजा.

मग अंदाज करूच नये काय? अवश्य करावा. आपल्या प्रवर्गाचे, हव्या त्या शाखेचे, अखेरच्या फेरीचे मागील तीन वर्षांतील शेवटचे गुणानुक्रम लिहून काढा. आपला क्रमांक तिन्ही वर्षांत आत बसत असेल तर ती जागा बरीचशी खात्रीची. एखाद्या वर्षी बसतो, एखाद्या वर्षी नाही, तर आशा धरावी. कधीच बसत नसेल तर शक्यता कमी, एवढेच म्हणावे, आणि नाव तरीही वर लिहावे. राखीव प्रवर्गातील मुलांनी खुल्या जागांची यादीही पाहावी, कारण गुणानुक्रमात बसत असाल तर खुली जागा तुमचीही आहे. हे गणित सातवी शिकलेल्या मोठ्या भावालाही करता येते. त्यासाठी हजारो रुपये कशाला मोजावयाचे?

परंतु मित्रहो, आपल्या भागात मुलांची शक्यता गुणांनी बिघडते त्याहून अधिक वेळा ती कागदांनी बिघडते, आणि येथे मला थोडे सविस्तर बोलणे भाग आहे. आगरी समाज इतर मागासवर्गात येतो. जातीच्या दाखल्यासाठी आणि त्याच्या पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबांच्या शाळेतील नोंद, जुना सातबारा, जन्ममृत्यूचा उतारा असे काहीतरी. ज्याचे गाव जागच्या जागी आहे त्याला हे एका फेरीत मिळू शकते. ज्याचे गावच उठविले गेले त्याने काय करावे? घर हलले, शाळा हलली, जमिनीचा उतारा दुसऱ्याच नावावर गेला. बापाने बंदराला जमीन दिली, आणि ती आपली होती हे सिद्ध करण्यासाठी मुलगा कचेरीच्या पायऱ्या झिजवितो! पडताळणीचे प्रमाणपत्र मुदतीत आले नाही की तोच मुलगा राखीव रांगेतून निघून खुल्या रांगेत जातो. त्याचे गुण तेच, बुद्धी तीच, आणि शक्यता मात्र एका रात्रीत निम्म्यावर! नॉन-क्रिमीलेअरचेही तसेच. त्याची मुदत ३१ मार्चला संपते हे पुष्कळांना जूनमध्ये कळते. सल्लागाराच्या छापील यादीत या गोष्टींसाठी रकाना नसतो.

आणखीही एक रकाना नसतो. सरकारी नोकरीत प्रकल्पग्रस्तांसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशात प्रकल्पग्रस्त असा प्रवर्ग नाही. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात जो लढा झाला, त्यात १६ व १७ जानेवारीला पाच शेतकरी गोळीबारात बळी पडले. त्या लढ्याने साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मिळवून दिले. बंदर १९८९मध्ये सुरू झाले, आणि आज नातवंडांची पिढी कॉलेजच्या दारात उभी आहे. जमिनीचा मोबदला आपण मागितला. शिक्षणातील वाटा आपण तितक्या जोराने मागितला काय, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो.

त्या साडेबारा टक्क्यांचेच काय होते ते पाहा. खासगी कॉलेजांत २० टक्क्यांपर्यंत जागा संस्थास्तरावर भरल्या जातात. “तुमच्या मुलाला केंद्रीय फेरीत काही मिळणार नाही” असे एकदा बापाच्या मनात भरविले की तो पुढच्या फेरीची वाट पाहात नाही. भूखंड विकतो किंवा गहाण टाकतो, आणि पुढे दोन फेऱ्यांत सरळ मिळाली असती अशी जागा भरमसाट खर्च करून घेतो. अशी दोन घरे माझ्या प्रत्यक्ष माहितीतील आहेत. भीती ही विकाऊ वस्तू आहे, आणि तिचा बाजार जून-जुलैत तेजीत असतो.

जाता जाता एक. न्हाव्यालाच ‘ट्रेनिंग शिप रहमान’ ही १९१०मध्ये स्थापन झालेली नौकानयनाची शिक्षणसंस्था आहे. समुद्राची उपजत ओळख असलेली आपली मुले तिच्या भिंतीवरून रोज जातात, पण त्या क्षेत्रातील शक्यतेचे गणित किती जणांना ठाऊक आहे? बारावीला भौतिक, रसायन, गणितात ६० टक्के, इंग्रजीत ५० टक्के, भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा. डेकच्या बाजूला जावयाचे तर चष्म्यावाचून नजर चोख हवी आणि रंगांधळेपणा नको. डोळे आधी तपासून घ्या. दोन वर्षे तयारी करून मग नेत्रतपासणीत बाद झालेला मुलगा मी पाहिला आहे. खर्च मोठा आहे, हेही लपवीत नाही; बँकेच्या कर्जाची चौकशी परीक्षेआधी करावी, नंतर नव्हे.

कार्यकर्त्यांना माझे सांगणे थोडे वेगळे आहे. निकालानंतर मार्गदर्शन शिबिरे भरवून हार-तुरे घेण्याची आपल्याला सवय लागली आहे. तोवर बहुतेक निर्णय झालेले असतात. काम अकरावीच्या वर्षी सुरू झाले पाहिजे, कारण पडताळणीचा प्रस्ताव तेव्हाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत पाठविता येतो. गावनिहाय वही करा : कोण विज्ञान शाखेत आहे, कोणाच्या घरी कोणता जुना कागद आहे, कोणाचा उतारा कोणत्या कचेरीत अडला आहे. स्थलांतरित गावांच्या जुन्या शाळांची हजेरीपुस्तके आज कोणत्या शाळेच्या कपाटात आहेत, याचा शोध घ्या. एका नोंदीवर एका भावकीतील दहा मुलांचे काम होते.

येत्या रविवारी सकाळी नऊपासून मी येथेच, शाळेच्या पहिल्या वर्गात, बसणार आहे. अकरावीच्या मुलांनी आजोबांचा शाळेचा दाखला, मिळाला तर जुना सातबारा आणि त्याच्या दोन प्रती घेऊन यावे. आणि बारावीवाल्यांनी पसंतीची यादी आपल्या अक्षरात लिहून आणावी. या वेळी मी त्यातले एकही नाव खोडणार नाही.