गिऱ्हाईकाला सांगा, आम्हाला टॅग करा

(प्रभाग संघाच्या बैठकीत मांडलेला विषय)



लेण्याद्रीला, ओझरला किंवा भीमाशंकरला स्टॉल लागला की माल खपतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. अडतं ते त्याच्या पुढे. पुण्या-मुंबईची बाई दर्शनाला येते, आपला मासवडीचा मसाला नेते, घरी सगळ्यांना आवडतो. महिन्याने परत हवा असला तर? पाकिटावरचं नाव पुसलेलं, फोन नाही. मग ती कोपऱ्यावरच्या दुकानातून कंपनीचा मसाला आणते. आपलं गिऱ्हाईक गेलं.

इथे टॅगिंग कामाला येतं. लग्नाच्या फोटोत कोण कोण आहे त्यांची नावं फेसबुकवर जोडतात ना, तेच ते. त्या बाईने ताटाचा फोटो टाकून आपल्या गटाच्या पेजला टॅग केलं, की तिच्या मैत्रिणींना आपलं नाव दिसतं आणि नावावर बोट ठेवलं की थेट आपलं पेज उघडतं. आपला मसाला चांगला असं आपणच म्हणण्यापेक्षा शेजारणीचं ऐकून बाई लवकर विकत घेते. खरं की नाही?

म्हणून पाकिटावर एक ओळ छापा: ‘आवडलं तर फोटो टाका, आम्हाला टॅग करा’, आणि खाली पेजचं नाव. नाव मात्र नीट ठेवा. सावित्री, जिजाऊ, रमाई नावाचे गट गावोगाव आहेत. गिऱ्हाईक भलत्याच गटाला टॅग करून मोकळं होतं. गटाच्या नावापुढे गावाचं नाव जोडा. इन्स्टाग्रामवर कोणी स्टोरीत आपलं नाव घातलं तर आपल्याला मेसेज येतो, तीच स्टोरी आपल्याकडेही लावता येते. ती 24 तासच टिकते, त्यामुळे त्याच दिवशी लावा.

जागेचाही टॅग असतो. जुन्नर 2018 मध्ये पर्यटन तालुका झाला. यायच्या आधी लोक मोबाईलवर जागेचे फोटो बघतात. स्टॉल लेण्याद्रीला असेल तर लेण्याद्री लावा. मंचरला बसून शिवनेरी लावू नका, माणूस शोधत येतो आणि चिडतो. #मासवडी, #जुन्नर असंही लिहा, मधे जागा सोडायची नाही. आणि खातं ‘प्रायव्हेट’ असेल तर बाहेरच्या कोणाला काहीच दिसत नाही, ते आधी तपासा.

आता नको ते. एका फोटोत पन्नास जणांना, आमदारांपासून नटीपर्यंत, टॅग करायचं नाही. लोक नाव काढून टाकतात, काही ब्लॉकही करतात. ज्यांचा मालाशी संबंध आहे तेच घ्या: माल नेणारी ताई, आपला मसाला वापरणारं हॉटेल, सरसमध्ये स्टॉल असेल तर उमेदचं पेज.

आणि गटातल्या बाईला न विचारता तिचा फोटो टाकायचा नाही. काही घरांत ते चालत नाही. बरोबर की चूक, ते आज बाजूला ठेवू. पण भांडण तिच्या घरात होतं आणि ती बैठकीला यायची बंद होते. पापड लाटणारे हात दाखवा, तेवढ्याने काम होतं.

पेजवर नंबर आला की फसवे फोनही येतात. पैसे आपल्या खात्यात यायला पिन टाकावा लागत नाही. कोणी पिन टाकायला सांगितलं की फोन ठेवा.

पुढच्या बैठकीला फोन चार्ज करून आणि एकेक पाकीट घेऊन या. पेजची नावं तिथेच दुरुस्त करू.