शाळेचा पट आणि पालकांची बैठक

रायपूरचे नाव निघाले की मराठी माणसाला माधवराव सप्र्यांचे स्मरण होते. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे सप्रे रायपूरच्याच सरकारी शाळेत शिकले होते. आज मात्र ह्या शहरातील शाळांविषयी बोलायचे ते निराळ्या कारणाने.

२०२५ साली छत्तीसगढ शासनाने शाळांचे ‘युक्तियुक्तकरण’ हाती घेतले. शब्द मोठा अवजड आहे. अर्थ इतकाच, की कमी पटाची शाळा जवळच्या शाळेत मिळवावी आणि अधिक झालेले शिक्षक गरजेच्या ठिकाणी पाठवावेत. राज्यातील १०,४६३ शाळांचे असे एकीकरण ठरले. आकडा ऐकून छाती दडपते; पण त्यांपैकी १०,२९७ शाळा एकाच आवारात भरणाऱ्या होत्या. फाटक एक, पटांगण एक आणि मुख्याध्यापक दोन! अशा शाळा एक झाल्याने मुलांना एक पाऊलही अधिक चालावे लागत नाही. ह्याला सरसकट शाळाबंदी म्हणणे मला न्याय्य वाटत नाही.

तथापि खर्चाचे गणित मांडून पाहावे. समग्र शिक्षा योजनेच्या २०२१ मधील दरांप्रमाणे ३१ ते १०० पटाच्या शाळेस वर्षाला २५,००० रुपये आणि १०१ ते २५० पटाच्या शाळेस ५०,००० रुपये अनुदान धरले आहे. वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता हे सारे त्यातूनच भागवायचे. आता एका शाळेत ४० मुले आणि दुसरीत ५० मुले आहेत असे समजा. वेगळ्या असताना दोहोंना मिळून ५०,००० रुपये मिळत. एक झाल्यावर पट ९० आणि अनुदान २५,०००. मुले तितकीच, वर्ग तितकेच, शौचालयेही तितकीच. उलट ९० आणि ९५ पटाच्या शाळा जोडल्या, तर पूर्वीचे ५०,००० रुपये कायम राहतात. तेव्हा जोडणीने शाळेचे हित होते की अहित, हे राज्याच्या एकूण बेरजेवरून कळणारे नाही. त्यासाठी ती ती शाळाच पाहावी लागते.

शहरांसाठी ५०० मीटरांच्या आतील कमी पटाच्या शाळा विचारात घेण्यात आल्या. नकाशावर हे अंतर बोटभरही नाही. पण रायपूरच्या जी. ई. रोडसारखा वाहता रस्ता मध्ये आला, तर सहा वर्षांच्या मुलीला तो ओलांडून कोण देणार? ह्याचे उत्तर फूटपट्टी देत नाही. मोलमजुरीला सकाळीच बाहेर पडणारी आई देऊ शकते.

आणि त्या आईला कायद्याने आसन दिलेले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २१ व्या कलमान्वये शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. २२ व्या कलमाने शाळेचा विकास आराखडाही ह्याच समितीने करायचा आहे. शासकीय अनुदानाला आधार तोच. महाराष्ट्रातही सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपर्यंत पट असलेल्या शाळांच्या जागी समूहशाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविले गेले. ते अधिकाऱ्यांकडून मागविले होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आदेश निघण्यापूर्वी समितीची बैठक झाली, तर रस्ता, अनुदान, शौचालय ह्यांविषयी काही बोलता येते. आदेशानंतर बैठकीपुढे विषय उरतो तो कोणाचे कपाट कोणत्या खोलीत ठेवायचे एवढाच.