घरच्या संगणकाचे रक्षण
(कोपरी, ठाणे येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



संगणक आता केवळ कचेरीची वस्तू राहिलेला नाही. शिक्षकांची निकालपत्रके, पंचायत सदस्यांचे ठरावांचे मसुदे आणि घराघरांतील छायाचित्रे घरच्याच संगणकात असतात. त्यात चोरपावलांनी शिरणाऱ्या घातक आज्ञावलींना आपण सरसकट व्हायरस म्हणतो. त्यांच्यापासून या ठेव्याचे रक्षण कसे करावे, याचा विचार आज करावयाचा आहे.

हे संकट आपल्या दाराशी येऊन गेले आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून ‘नॉटपेट्या’ नावाची आज्ञावली जगभर पसरली. मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक बंद पडले आणि तिच्या समूहाकडून चालविले जाणारे, आपल्या न्हावा-शेवा बंदरातील कंटेनर टर्मिनलही ठप्प झाले. खंडणी मागितली गेली. परंतु ती भरूनही माहिती परत मिळण्याची सोय त्या आज्ञावलीत नव्हती. मर्स्कने आपले नुकसान वीस ते तीस कोटी डॉलरच्या घरात वर्तविले. कंपनीला सावरले ते एका योगायोगाने. घाना देशातील तिच्या कार्यालयात वीज गेल्यामुळे एक संगणक जाळ्यापासून तुटलेला होता. त्यातील शाबूत प्रतीवरून पुढील उभारणी झाली.

मर्स्कला जे योगायोगाने लाभले, ते आपण नियमाने करावे. शेतकरी पेरणीचे बियाणे खाण्याच्या धान्यात मिसळत नाही. त्याचप्रमाणे महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर दर आठवड्यास घ्यावी आणि काम होताच ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. जोडलेली राहिली, तर मूळ माहितीबरोबर तीही नष्ट होऊ शकते.

दुसरी गोष्ट अपडेटची. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने ज्या उणिवेचा फायदा घेतला, ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसविली नाही, ते सापडले. विंडोज १० चे नियमित पाठबळही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, याची नोंद घ्यावी.

तिसरी गोष्ट सवयींची. अनोळखी ई-मेलमधील जोडपत्र उघडू नये. दुसऱ्याचा पेन ड्राइव्ह तपासल्यावाचून वापरू नये. चोरीच्या सॉफ्टवेअरचा मोह टाळावा. अँटिव्हायरस चालू ठेवावा. मात्र तो आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

इतके करूनही आघात झालाच, तर प्रथम इंटरनेट तोडावे, खंडणी देऊ नये आणि जाणकारास दाखवावे. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. केंद्र शासनाच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची सफाईची साधने विनामूल्य उपलब्ध आहेत.

शाळेच्या निकालाचा वा गावाच्या ठरावाचा कागद हा लोकांचा ठेवा आहे. आज घरी गेल्यावर त्याची एक प्रत वेगळी काढून ठेवावी, एवढीच आपणांस विनंती.