शुक्राणूची शिदोरी
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा गोषवारा)



गाय उलटली की आपण म्हणतो, गायीतच खोट आहे. नाहीतर म्हणतो, नशीब. पण उलटली म्हणजे २१ दिवस गेले. २१ दिवसांचा कडबा गेला, सरकी गेली आणि दूध तेवढेच लांबले. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, मीठमिरची दुधावर चालते. म्हणून रेताच्या कांडीत काय असते ते आपल्याला कळलेच पाहिजे.

ज्वारीचे बी जिथे पडते तिथेच उगवते. नराच्या बीजाचे तसे नाही. शुक्राणूला पोहत जाऊन स्त्रीबीज गाठावे लागते. डोळ्याला न दिसणारा हा जीव. त्याला डोके आणि लांब शेपूट. शेपूट हलवायला एटीपी नावाचे इंधन लागते. ते तयार करायचे रस्ते दोन. एक, साखर नुसती फोडायची. त्याला प्राणवायू लागत नाही, पण साखरेच्या एका कणातून एटीपीचे दोनच कण हाती येतात. दुसरा, प्राणवायू घेऊन ती पुरती जाळायची. हे काम शेपटीच्या मुळाशी असलेल्या मायटोकाँड्रिया नावाच्या बारीक चुलींत होते आणि त्याच साखरेतून ३० च्या आसपास कण मिळतात.

सगळ्या जनावरांत एकच रस्ता चालतो का? नाही. २००४ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी उंदराच्या शुक्राणूतला साखर फोडणारा एक घटक काढून टाकला. चुली शाबूत होत्या, तरी शुक्राणू नीट पोहेनात आणि ते नर वांझ ठरले. घोड्याचे उलट. त्याची भिस्त मुख्यतः चुलींवर. चूल जोरात पेटली की धूरही जास्त. जो शुक्राणू जोमाने धावतो, त्याच्यातच जाळणारी घाण जास्त साठते आणि तो लवकर थकतो. वळूला दोन्ही रस्ते जमतात. त्याच्या वीर्यातली साखर म्हणजे फ्रुक्टोज, हे थॅडियस मान यांनी इंग्लंडात १९४६ साली दाखवले. घोड्याच्या वीर्यात ही साखर नावालाच असते.

आता गाढवाकडे या. हसू नका. देशात २०१२ च्या पशुगणनेत सव्वातीन लाखांच्या आसपास गाढवे होती, २०१९ मध्ये सव्वा लाखाच्या आत आली. जेजुरीच्या बाजारात ज्यांचे पोट या जनावरावर आहे, त्यांना विचारा. फ्रान्सातल्या प्वातू जातीची १९७७ साली मोजदाद झाली, तेव्हा ४४ गाढवे उरली होती. अशी जात टिकवायची तर रेत गोठवून ठेवण्याचा मोठा आधार. पण तिथे अडचण आली. गाढवाचा शुक्राणू घोड्याच्या शुक्राणूहून चपळ. गोठवून वितळवल्यावरही तो चांगला पोहताना दिसतो. ते रेत घोडीला बऱ्यापैकी लागते, पण गाढविणीत गाभ धरण्याचे प्रमाण फार कमी राहते. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली शेपूट हलली म्हणून काम झाले असे नाही. आणि वळूसाठी बसवलेली रीत गाढवाला जशीच्या तशी लावून भागत नाही.

वळूची रीत मात्र पक्की बसली आहे. अंड्याचा बलक थंडीच्या धक्क्यापासून वाचवतो, ग्लिसरॉल गोठताना वाचवते. हा ग्लिसरॉलचा शोध १९४९ चा. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये चूल विझलेली असते, शिदोरी खर्च होत नाही, म्हणून कांडी वर्षानुवर्षे टिकते. पण एकदा वितळली की खर्च सुरू झाला. ती पुन्हा गोठवता येत नाही. कांडीत दोन कोटी शुक्राणू आणि वितळल्यावर त्यातले निम्मे तरी पोहणारे, असे आपल्याकडचे मानक आहे. डब्यातला नायट्रोजन आटला किंवा कांडी उन्हात धरली, तर हे मानक कागदावरच राहते.

तेव्हा गाय भरवायला माणूस आला की तीन गोष्टी बघा. डब्यात नायट्रोजन पुरेसा आहे का? कांडी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरून वितळवली का, की हातावर चोळली? आणि वितळल्यावर लगेच भरली का, की खिशात घालून दुसऱ्या गोठ्यावर नेली?

चौथी गोष्ट आपल्या हातातली. स्त्रीबीज काही तासच जगते, शुक्राणूची शिदोरी दिवसभराची. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. माजाची वेळ घरच्या बाईला आधी कळते. तिला विचारा आणि भिंतीवर तारीख लिहा.

कांडीचे पैसे आपण मोजतो. मग कांडी कशी हाताळली, हे विचारायचा हक्कही आपलाच आहे. विचारताना लाजू नका.